ओसाड पठारावर परतलेले अरण्य : एक अभ्यास

पहिला पाऊस पडला की गावोगावी वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. खड्डे खणले जातात, रोपे येतात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. पुढच्या वैशाखात त्याच खड्ड्यांतून वाळलेल्या काड्या उभ्या दिसतात आणि आषाढात पुन्हा त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली जातात. हे चित्र आपल्यापैकी कोणालाही अपरिचित नाही. दोष कधी पावसाला दिला जातो, कधी शेळ्यांना, कधी लोकांच्या अनास्थेला. या तिन्हींत काही तथ्य असेलही; परंतु आमच्या मते मूळ चूक क्रमाची असते. ज्या जमिनीवरची माती वाहून गेली आहे, तिला झाडाची गरज नंतर लागते. आधी तिच्यावर पडलेले पाणी तिथेच थांबावे लागते. पाणी थांबले तर माती थांबते, माती थांबली तर सावली धरते, सावली धरली तर पाखरे येतात, आणि पाखरे आली की अरण्य स्वतःच स्वतःची लागवड करू लागते.

हा क्रम नुसत्या तर्कानेही सांगता येईल; परंतु तो जिथे प्रत्यक्ष घडला ते ठिकाण पाहणे अधिक बोधप्रद ठरते. पुदुच्चेरी शहराच्या उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरवर, बंगालच्या उपसागराच्या काठाशी ऑरोव्हिल नावाची वसाहत आहे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी तिची स्थापना झाली, तेव्हा १२४ देशांतून आणलेली मूठमूठ माती एका कलशात एकत्र करण्यात आली होती. त्या वसाहतीचे तत्त्वज्ञान हा आमच्या अभ्यासाचा विषय नाही. जगभरची माती ज्या जमिनीवर आणली गेली, त्या जमिनीची स्वतःची माती मात्र दर पावसाळ्यात समुद्रात जात होती, आणि पुढील पन्नास वर्षांत तिथे एक वन उभे राहिले, एवढ्याच गोष्टीशी आम्हांला कर्तव्य आहे.

१. जमीन कशी उजाड होते

१९६८ सालची त्या पठाराची छायाचित्रे उपलब्ध आहेत. क्षितिजापर्यंत लालभडक, उघडी जमीन. मध्यभागी एक जुना वड. इकडेतिकडे काही ताडाची झाडे. पठार समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, जेमतेम पन्नास मीटर. जमिनीचा उतारही डोळ्यांना जाणवणार नाही इतका सौम्य. तरीही त्या पठाराला खोल घळी पडलेल्या होत्या आणि पावसाच्या दिवसांत किनाऱ्याजवळचा समुद्र लाल होत असे.

तिथे पाऊस कमी पडतो असेही नाही. वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांहून अधिक पाऊस तिथे पडतो. परंतु त्यातील मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या मोसमी वाऱ्यांबरोबर आणि चक्रीवादळांबरोबर येतो. थोड्या दिवसांत खूप पाणी कोसळते आणि त्यानंतर कित्येक महिने कडक कोरडे जातात.

उघड्या जमिनीवर पडणारा पावसाचा थेंब हा एक लहानसा हातोडा असतो. झाडाखाली तो पानावर फुटतो, मग पाचोळ्यावर निथळतो आणि शेवटी मातीत मुरतो. उघड्या जमिनीवर तो थेट मातीच्या कणांवर आदळतो. कण सुटे होतात, बारीक कण मातीतील छिद्रांत जाऊन बसतात आणि ऊन पडताच वरचा थर पापडासारखा कडक होतो. त्यानंतर पडणारे पाणी आत शिरू शकत नाही. ते पृष्ठभागावरून धावू लागते. धावणारे पाणी आधी बोटाएवढा ओघळ पाडते, ओघळाची नाली होते आणि नालीची घळ होते. घळ डोक्याच्या बाजूने, म्हणजे चढाच्या दिशेने, दरवर्षी पुढे सरकत राहते. पाणी जितके वेगाने निसटते तितकी जमीन कोरडी राहते. जमीन जितकी कोरडी तितके गवत कमी. गवत जितके कमी तितके पुढच्या वर्षीचे पाणी अधिक वेगाने निसटते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. वरचा सुपीक थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो जाण्यास काही पावसाळे पुरतात.

अशा जमिनीत खड्डा खणून रोप लावले तर काय होते? खड्डा म्हणजे कडक लाल मातीत कोरलेली एक कुंडी होते. पावसात ती तुडुंब भरते आणि मुळे गुदमरतात. पाऊस संपला की ती भट्टी होते आणि मुळे भाजतात. या रोपाला शेळीने खाल्ले नाही तरी ते जगणे अवघड असते.

२. आधी पाणी, मग झाड

ऑरोव्हिलमध्ये आलेल्या पहिल्या पिढीतील बहुतेक लोक शेतीतज्ज्ञ नव्हते. झावळ्यांच्या झोपड्यांत राहून, बैलगाडीवरून पाणी आणून त्यांनी रोपे जगवण्याचा प्रयत्न केला. पठाराने त्यांना लवकरच शिकवले की रोपाला घागरीने घातलेले पाणी ही तात्पुरती मलमपट्टी आहे. आकाशातून येणारे पाणी वाहून जात आहे, ते थांबवणे हा खरा उपाय. कुयिलापालयम, कोट्टकरै, एडयंचावडी, आलंकुप्पम यांसारख्या भोवतालच्या तमिळ गावांतील शेतकरी आणि शेतमजूर स्त्री-पुरुष या कामावर होते. बांध घालण्याची विद्या त्यांच्याजवळ होतीच.

मग जमिनीचा उतार मोजून समतल रेषेवर मातीचे बांध घातले गेले. प्रत्येक शेताभोवती, प्रत्येक तुकड्याभोवती बांध आला. एका तुकड्यात पडलेले पाणी त्याच तुकड्यात थांबावे आणि जास्तीचे पाणी सावकाश, ठरलेल्या वाटेने खालच्या तुकड्यात जावे, अशी ही रचना. घळींमध्ये वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्याने लहान बंधारे घातले गेले. हे काम नेहमी वरून खाली करत यावे लागते. घळीच्या तोंडाशीच एक मोठा बंधारा बांधला तर वरून येणारा लोंढा त्याला एका रात्रीत फोडून नेतो. वरच्या अंगाला वीस लहान अडथळे असले तर खालपर्यंत लोंढा पोहोचतच नाही. पाणी थबकले की त्यातील गाळ खाली बसतो, आणि बंधाऱ्यामागे साचलेला तो गाळच पुढच्या झाडांची पहिली चांगली माती होतो.

महाराष्ट्रात हीच कामे सलग समतल चर, माती नाला बांध, बांधबंदिस्ती या नावांनी ओळखली जातात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या पिढीने अशी कामे स्वतःच्या हातांनी केली आहेत. त्या हातांना ही विद्या नवी नव्हे. ती विद्या आणि झाड लावणे या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या खात्यांत आणि वेगवेगळ्या कार्यक्रमांत विभागल्या गेल्या. परिणामी एका डोंगरावर चर असतात आणि झाडे नसतात, तर दुसऱ्यावर खड्डे असतात आणि चर नसतात.

३. चाकरी करणारी झाडे

पाणी थांबू लागले तरी लाल मातीत पालापाचोळ्याचा अंशही नव्हता. तिथल्या मूळ वनातील मंदगतीने वाढणारी, सावलीत रुजणारी झाडे त्या उन्हात टिकणे अशक्य होते. म्हणून प्रथम अशी झाडे लावली गेली जी हलक्या जमिनीत, कडक उन्हात, थोड्या पाण्यावर झपाट्याने वाढतात. त्यांत सर्वांत अधिक उपयोगी पडलेले झाड म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. आपल्या कोकणात आणि गोव्यातही सामाजिक वनीकरणाच्या काळात ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. लोक त्यास नुसते अकेशिया म्हणतात. ऑरोव्हिलमध्ये मात्र त्याला एक अर्थपूर्ण नाव मिळाले. त्याला तिथे ‘कामाचे झाड’ म्हणतात.

हे झाड शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून मातीला देतात. त्याची जाड पाने सतत गळतात आणि जमिनीवर आच्छादन धरतात. त्या आच्छादनाखाली ओल टिकते, वाळवी आणि गांडुळे येतात, बुरशीचे धागे पसरतात, आणि कडक पापुद्रा हळूहळू मोकळा होतो. पाच-सात वर्षांत सावली मिळते, सरपण मिळते, वारा अडतो.

परंतु येथेच एक सापळा आहे आणि आपल्याकडील अनेक वनीकरणे त्यातच अडकून पडली आहेत. कामाचे झाड काम संपल्यावर निवृत्त व्हावे लागते. ते परदेशी आहे. त्याची फळे इथल्या बहुतेक पाखरांच्या उपयोगाची नाहीत. त्याच्या पाचोळ्याचा जाड थर कायम राहिला तर त्याखाली दुसरे फारसे उगवत नाही. दुरून हिरवे दिसते, आत मात्र शांतता असते. ऑरोव्हिलमधील जाणत्या वनपालांनी म्हणून या झाडांच्या सावलीत मूळ वनातील रोपे लावण्यास सुरुवात केली आणि ती वाढू लागली तशी वरची झाडे टप्प्याटप्प्याने काढली. ज्यांनी लावली त्यांनीच ती तोडली. वृक्षप्रेमाच्या रूढ कल्पनेला हे खटकेल. परंतु घराचा स्लॅब धरल्यावर सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या जातात, त्यात कोणाला क्रौर्य दिसत नाही.

४. मूळ वन कोणते होते?

येथे एक मोठा प्रश्न उभा राहिला. मूळ वन परत आणायचे, परंतु ते कोणते होते? ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वनच नाही, तिथे स्मरण कोणाचे धरायचे?

याचे उत्तर देवरायांनी दिले. कोरोमंडल किनाऱ्याच्या पट्ट्यात एक विशिष्ट प्रकारचे वन असते. शास्त्रज्ञ त्यास उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन म्हणतात. ‘शुष्क’ आणि ‘सदाहरित’ हे शब्द परस्परविरोधी वाटतात, परंतु ते वन तसेच आहे. वर्षातील बराच काळ कोरडा असूनही त्यातील बहुतेक झाडे पाने गाळत नाहीत. पाने लहान, जाड, चामड्यासारखी असतात. झाडांची उंची बेताची, दाटी मोठी आणि वेलींचे जाळे भरपूर असते. या वनाचा आता अत्यल्प अंश उरला आहे, आणि तोही बहुतांशी गावदेवतांच्या राखलेल्या रायांत. पुदुच्चेरीच्या उत्तरेस पुदुपेट येथे अय्यनार देवाची अशी एक राई प्रसिद्ध आहे. तिच्यात अंजनीची झाडे दाटीने उभी आहेत. हीच अंजनी आपल्या महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलात जांभळाच्या जोडीने वाढते.

वनस्पतींच्या अभ्यासकांनी अशा रायांतून फिरून नोंदी केल्या, नमुने जमवले, बी गोळा केले. खिरणी, अबनूस, अंजनी, जांभूळ, माकडलिंबू, बकुळ, करवंद आणि अशीच इतर अनेक झाडेझुडपे रोपवाटिकांत रुजवली गेली. हे काम वाटते तितके सोपे नाही. बाभळीचे बी वर्षानुवर्षे डब्यात ठेवता येते. जांभळासारख्या झाडांचे बी थोड्याच आठवड्यांत रुजण्याची शक्ती गमावते. म्हणजे कोणते झाड कोणत्या पंधरवड्यात फळते हे ठाऊक हवे, त्याच वेळी तिथे पोहोचायला हवे आणि बी ताजे असतानाच पेरायला हवे. ही माहिती पुस्तकापेक्षा गावातील वैदू, गुराखी आणि औषधी पाला गोळा करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे अधिक असते. १९७३ मध्ये सुरू झालेल्या पिचांडिकुलम वनात झाडांबरोबर त्यांच्या औषधी उपयोगांचे हे लोकज्ञानही जपण्याचा प्रयत्न झाला. तिथे मिळवलेल्या अनुभवाचा उपयोग पुढे चेन्नईत अडयार नदीच्या मुखाजवळील कचऱ्याने भरलेल्या पाणथळ जागेचे पुनरुज्जीवन करताना झाला. ते उद्यान २०११ मध्ये खुले झाले.

एक राई टिकली म्हणून एका प्रदेशाला आपले वन आठवता आले. आपल्या गावाजवळच्या देवराईकडे श्रद्धेने पाहावे की न पाहावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ती त्या मुलखाची जिवंत बीजपेढी आहे, हे सर्वांनी समजून घेण्याजोगे आहे.

५. बी वाहणारे

लाखो झाडे लावली म्हणजे वन होत नाही. ऑरोव्हिलमध्ये वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली असे सांगितले जाते. त्या आकड्यापेक्षा आम्हांस दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : आज त्या वनात कोणी न लावलेली असंख्य रोपे उगवलेली दिसतात.

शुष्क सदाहरित वनातील बहुतांश झाडांना गरयुक्त फळे येतात. ती खाऊन बी दूर टाकणारा कोणी नसेल तर झाडाची संतती त्याच्याच पायाशी मरते. हे काम बुलबुल, कोकीळ, हळद्या, मैना करतात. रात्री फलाहारी वटवाघळे आणि उदमांजरे करतात. पाखराला बसायला फांदी मिळाली की तिच्याखाली बी पडते. बी पडले की कालांतराने तिथे दुसरी फांदी तयार होते. झाडांनी पाखरांना बोलावले आणि पाखरांनी झाडे आणली. कोण आधी आणि कोण नंतर हे त्यानंतर सांगता येत नाही.

आज त्या परिसरात साळिंदर, मुंगूस, उदमांजर, कोल्हा, ससा, घोरपड आढळतात. हिवाळ्यात नवरंग आणि स्वर्गीय नर्तक हे पक्षी पाहुणे म्हणून उतरतात. नवरंग हा पालापाचोळा उलथून किडे वेचणारा पक्षी आहे. जिथे पाचोळा नाही तिथे त्याचे पोट भरत नाही. त्यामुळे लाल उघड्या पठारावर उतरलेला नवरंग हा त्या मातीच्या प्रकृतीचा दाखलाच समजावा.

सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत दोन वेगवेगळ्या आज्ञा कोरून ठेवल्या आहेत, हे येथे आठवते. एका ठिकाणी रस्त्यांच्या कडेने सावलीसाठी वड लावल्याचा आणि आमराया केल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघूळ अशा अनेक प्राण्यांना अभय दिले आहे आणि विनाकारण जंगले जाळू नयेत असे बजावले आहे. माणसाच्या सोयीसाठी झाड लावणे आणि प्राण्यांचे घर म्हणून वन राखणे ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत, याचे भान त्या काळीही होते. आपण पहिले तेवढे लक्षात ठेवले.

६. वादळाची परीक्षा

३० डिसेंबर २०११ रोजी ‘ठाणे’ नावाचे चक्रीवादळ पुदुच्चेरी आणि कडलूर यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. एका पहाटेत ऑरोव्हिलमधील असंख्य झाडे उन्मळून पडली. रस्ते बंद झाले, वीज गेली, अनेकांची वर्षांची मेहनत आडवी झाली. परंतु पडलेल्या झाडांत मोठी संख्या त्या झपाट्याने वाढलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीची होती. तिची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. मूळ वनातील बुटकी, चिवट, सावकाश वाढलेली झाडे तुलनेने चांगली टिकली. त्या किनाऱ्यावर हजारो वर्षे वादळे येत आहेत, आणि त्या वादळांतच ती जात घडलेली आहे. वरचे छत उघडे पडताच खाली वाट पाहणाऱ्या देशी रोपांना ऊन मिळाले. ‘देशी झाड’ हा शब्द अभिमानाचा नसून अनुभवाचा आहे, हे त्या दिवशी दिसून आले.

७. हिशेबाची दुसरी बाजू

अशा लेखांत यशाचीच कथा सांगण्याची प्रथा आहे. आम्हांस ती पुरेशी वाटत नाही. तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट श्रमाची. या वनाची कथा बाहेरून आलेल्या ध्येयवादी लोकांची म्हणून जगभर सांगितली जाते. बांधाची माती डोक्यावरून वाहणारे आणि रोपवाटिकेत पिशव्या भरणारे बहुसंख्य हात आसपासच्या गावांतील मजुरांचे होते. त्यांची नावे पुस्तकांत क्वचितच येतात. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या बांधावर राबून आपले नाव कोठेही लिहिलेले पाहिले नाही, त्या समाजाच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. वनाने पाणी जमिनीत मुरवले, हे खरे. परंतु जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही. त्या किनारपट्टीवर विंधन विहिरींनी अखंड उपसा चालतो, आणि भूजल खाली गेले की समुद्राचे खारे पाणी आत शिरते. वर हजार हातांनी मुरवलेले पाणी खाली काही पंप उपसून नेऊ शकतात. पाण्याच्या वाटणीचा नियम नसेल तर वन एकटे काही करू शकत नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरत असे आणि भूमिहीनालाही त्यात वाटा असे. पाणलोटाच्या कामाला ही दुसरी बाजू नसेल, तर श्रम एकाचे आणि ऊस दुसऱ्याचा असे होते.

तिसरी गोष्ट संरक्षणाची. डिसेंबर २०२१ मध्ये ऑरोव्हिलच्या मूळ नगर-आराखड्यातील वर्तुळाकार रस्त्यासाठी यंत्रे आणून वाढलेली झाडे काढण्यास सुरुवात झाली. रहिवाशांतच तीव्र मतभेद झाले. एका बाजूचे म्हणणे, ही भूमी प्रथमपासून नगरासाठी घेतलेली आहे; दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आता इथे वन आहे. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. एप्रिल २०२२ मध्ये लवादाने पुढील बांधकामास पर्यावरणीय मंजुरीची अट घातली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कोण बरोबर, याचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. बोध मात्र स्पष्ट आहे. माणसाने लावलेले वन जमिनीवर वन असले तरी कागदावर ते वन असेलच असे नाही. ज्या जागेवर पन्नास वर्षांचे काम करायचे, तिचे पन्नास वर्षांनंतर काय होणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागते.

८. आपल्या मुलखासाठी

येथवर वाचून कोणी म्हणेल की आता आपल्या गावच्या उघड्या माळावरही असेच दाट वन उभारावे. येथे आम्हांस सर्वांत अधिक सावधगिरीची सूचना द्यावयाची आहे.

ऑरोव्हिलचे पठार उजाड होते, कारण तिथले वन नाहीसे झाले होते. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि मराठवाड्याच्या पर्जन्यछायेतील प्रत्येक उघडा माळ मात्र असा मेलेला नसतो. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या गवतांचे आणि मधूनमधून हिवर, बोर, खैर यांचे ते स्वतंत्र, पूर्ण विश्व आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, चंडोल यांचे ते घर आहे. माळढोक पक्षी उघड्या माळावर जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. त्याला दूरवर दिसणारे मोकळे रान हवे असते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य झाले, आणि आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. अशा माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी दाटीने लावणे म्हणजे नांदते घर पाडून तिथे दुसऱ्याच कोणासाठी इमारत बांधण्यासारखे आहे. तिथे जमीन धुपत असेल तर चर काढावेत, घळी बांधाव्यात, चराई आळीपाळीने बंद ठेवावी आणि गवत परत येऊ द्यावे. तिथले पुनरुज्जीवन गवताचे आहे.

आणखी एक गोष्ट. सरकारी कागदावर ज्याला ‘पडीक’ म्हणतात, ते बहुधा कोणाच्या तरी पोटाचे साधन असते. गायरानावर कोणाच्या चार शेळ्या चरतात, कोणाची दोन पायली ज्वारी निघते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना कसण्यास मिळावी म्हणून. त्या जमिनीवर उद्या कोणी वनीकरणाची पाटी लावली आणि कसणाऱ्याला उठवले, तर ती हिरवी असली तरी बेदखलीच होय. शेळी बांधायला सांगण्यापूर्वी शेळीवाल्या कुटुंबाला चारा कुठून मिळणार याचे उत्तर द्यावे लागेल. ज्यांचे पोट त्या जमिनीवर आहे तेच तिचे राखणदार झाले, तर वन टिकते.

९. रोप लावण्यापूर्वी

माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांनी आपापल्या गावी असे काम हाती घेतले तर त्यांच्या उपयोगासाठी या अभ्यासाचे सार आम्ही पाच प्रश्नांत मांडतो.

पहिला : ही जमीन पूर्वी काय होती? दाट वन, विरळ झाडोरा की गवताळ माळ? जवळची देवराई, जुनी माणसे आणि जुने नकाशे यांना विचारावे.

दुसरा : पावसाचे पाणी येथून कोणत्या वाटेने जाते? एका मोठ्या पावसात छत्री घेऊन त्या जमिनीवर उभे राहावे. जे तासाभरात दिसते ते कोणत्याही अहवालात दिसत नाही. काम वरून खाली करावे.

तिसरा : पहिली झाडे कोणती आणि त्यांना कधी निरोप द्यायचा? निरोपाचे वर्ष आधीच ठरवावे.

चौथा : बी कुठून येणार आणि ते पुढे कोण वाहणार? पाखरांना बसायला फांदी आणि प्यायला पाणी ठेवावे. निम्मी लागवड त्यांच्यावर सोपवावी.

पाचवा : ही जमीन आज कोणाचे पोट भरते, उद्या तिचे पाणी कोणाला मिळणार आणि पन्नास वर्षांनी ती कोणाच्या नावावर असेल?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे निसर्गाच्या अभ्यासाने मिळतात. पाचव्याचे उत्तर माणसांनी एकत्र बसून, कागदावर लिहून द्यावे लागते. आमच्या मते बहुतेक कामे या पाचव्या प्रश्नाशी येऊन मोडतात, कारण तो शेवटी विचारला जातो. तो प्रथम विचारावा. मग चर खणायला घ्यावेत, आणि रोपांची पिशवी दुसऱ्या पावसाळ्यातच उघडावी.